दगडातला हात कसा ओळखावा? कोल्हापूरचा मेजर मँट आणि त्याच्या इमारती

कोल्हापुरातल्या कोणत्याही शाळेतील मुलांना विचारा, ‘नवा राजवाडा कोणी बांधला?’ बहुतेक मुले छत्रपतींचे नाव घेतील. एखादा वाचनवेडा विद्यार्थी ‘मेजर मँट’ म्हणेल. आणि ज्याच्या घरात पाथरवटाचे काम चालत आले आहे, असा एखादा मुलगा कदाचित म्हणेल, ‘आमच्यासारख्या लोकांनी.’ तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. पैसा आणि इच्छा एकाची, नकाशा दुसऱ्याचा आणि छिन्नी तिसऱ्याची, असेच प्रत्येक मोठ्या बांधकामाचे असते.

मग एखाद्या जुन्या वास्तूत ‘अमक्याचा प्रभाव दिसतो’ असे जाणकार सांगतात, ते कशाच्या आधारावर? हा केवळ रसिकतेचा विषय आहे, की त्यालाही विज्ञानासारखी पद्धत आहे? पद्धत आहे, आणि ती शाळेत शिकवण्यासारखी आहे. कोल्हापूरसारखी प्रयोगशाळा तर शोधूनही मिळणार नाही.

मँट कोण होता?

चार्ल्स मँट हा ‘रॉयल इंजिनिअर्स’ या ब्रिटिश लष्करी अभियंत्यांच्या दलातला अधिकारी. जन्म १८३९, मृत्यू १८८१. जेमतेम बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याने आखलेल्या इमारती सुरतेपासून अजमेरपर्यंत पसरल्या आहेत. कोल्हापुरात टाउन हॉल (१८७२ ते १८७६) आणि नवा राजवाडा (१८७७ ते १८८४) ही त्याची दोन ठळक कामे. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा १८७८ च्या सुमारास त्याच्याच आराखड्यानुसार सुरू झाला. अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारतही त्याचीच रचना.

या यादीतील तारखा नीट पाहा. मँट १८८१ मध्ये वारला. नवा राजवाडा पुरा झाला १८८४ मध्ये, मेयो कॉलेज १८८५ मध्ये आणि लक्ष्मीविलास १८९० मध्ये. बडोद्याचे काम रॉबर्ट फेलोज चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदाने तडीस नेले. म्हणजे ज्या इमारतींमुळे मँटचे नाव राहिले, त्या पूर्ण झालेल्या त्याने पाहिल्याच नाहीत. तेव्हा त्यातले मँटचे किती आणि मागून आलेल्यांचे किती, हा प्रश्न पहिल्या पायरीवरच उभा राहतो.

चार चाळण्या

दोन इमारतींमध्ये साम्य दिसले की, ‘दोन्ही एकाच माणसाच्या’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण प्रत्येक साम्य पुराव्याच्या योग्यतेचे नसते. जीवशास्त्राच्या शिक्षकांना हा मुद्दा परिचयाचा आहे. शार्क आणि डॉल्फिन दोघांचेही शरीर निमुळते असते, पण त्यावरून त्यांना जवळचे नातलग मानता येत नाही. पाण्यात वेगाने पोहायचे तर तो आकार सोयीचा पडतो एवढेच. उलट वटवाघळाचा पंख आणि माणसाचा हात वरवर निराळे दिसतात, पण हाडांची मांडणी एकच, म्हणून त्यांचे नाते खरे. इमारतींचेही तसेच आहे. म्हणून साम्ये चार चाळण्यांतून गाळून घ्यावीत.

पहिली चाळणी जागेची. टाउन हॉल काळ्या दगडाचा आणि नवा राजवाडाही काळ्या दगडाचा. पण महालक्ष्मीचे देऊळ आणि खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळही काळ्याच दगडाचे आहे, आणि ती मँटच्या कित्येक शतके आधीची. कारण सोपे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याचे थर दख्खनच्या पठारावर जागोजागी आहेत, आणि इथल्या माणसाला हाताशी मिळतो तो बसाल्टच. दगड सांगतो तो गावाचा पत्ता. माणसाचे नाव तो सांगत नाही.

दुसरी चाळणी काळाची. टोकदार कमानी, उतरती छपरे, निमुळती शिखरे ही टाउन हॉलची गॉथिक धाटणी आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत तर गॉथिक इमारतींची रांगच उभी राहत होती. बोरीबंदरचे रेल्वे स्थानक हे त्यातले सर्वांना माहीत असलेले उदाहरण, आणि ते फ्रेडरिक स्टीव्हन्सचे. म्हणजे टोकदार कमान हा त्या काळाचा पोशाख झाला. एकाच काळातल्या दोन माणसांनी एकसारखे कोट घातले म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

तिसरी चाळणी उपयोगाची. दवाखान्याला हवेशीर ओसरी लागते, सभागृहाला मोठा गाळा लागतो, गाडी थांबायला दारापुढे पोर्च लागते. गरजेतून आलेले साम्य कोणाचीच सही नसते.

या तीन चाळण्यांतून जे खाली उरते ते चौथ्या प्रकारचे: ज्याची ना जागेने सक्ती केली, ना काळाने, ना उपयोगाने. सज्ज्याला खालून आधार देणाऱ्या कोरीव दगडांचा आकार, दोन खिडक्यांमधील अंतराचे प्रमाण, कमानीच्या कडेने फिरणाऱ्या पट्टीचा छेद, छत्रीच्या घुमटाची फुगवट. अशा बारीकसारीक जागी माणूस स्वतःच्या सवयीने वागतो.

चित्रकलेच्या अभ्यासात हाच विचार जोव्हान्नी मोरेल्ली या इटालियन संशोधकाने एकोणिसाव्या शतकात मांडला. तो मूळचा वैद्यकशास्त्र शिकलेला. चित्र कोणाचे हे ठरवताना चेहऱ्यावरचा भाव पाहू नका, कानाची पाळी आणि बोटांची नखे पाहा, असे त्याचे म्हणणे होते. भाव नक्कल करता येतो. कान मात्र प्रत्येक चित्रकार नकळत आपल्या पद्धतीनेच काढतो.

एका वेळी एकच घटक बदला

प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो. इतिहासात तसे करता येत नाही असे वाटते, पण कधीकधी इतिहासच आपल्यासाठी प्रयोग मांडून ठेवतो. मँटच्या बाबतीत असे घडले आहे.

कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. वय अवघे वीस वर्षांचे. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. तिथे १८७४ मध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यातील अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा आणि त्यावरची छत्री चार्ल्स मँटच्या आराखड्याची. जवळच्या पुलाला आजही त्या स्मारकावरून ‘भारतीयाचा पूल’ अशा अर्थाचे नाव आहे.

आता पाहा, फ्लॉरेन्समध्ये कोल्हापूरचा बसाल्ट नाही आणि इथला पाथरवटही नाही. तरीही छत्री आहे. म्हणजे छत्रीचे रूप तिथे कागदावरून पोचले. अजमेरला मेयो कॉलेजसाठी पांढरा संगमरवर वापरला आहे, कारागीर राजस्थानातले. तिथेही छत्र्या, सज्जे आणि उंच मनोरा आहेच. दगड बदलला, हात बदलले, आराखडा करणारा मात्र तोच राहिला. या तीन ठिकाणी जे समान दिसते ते मँटच्या खात्यावर टाकायला बळकट कारण आहे.

उलट प्रयोग कोल्हापुरातच करता येतो. इथे दगड तोच, कारागिरीची परंपरा तीच, आणि आराखडा करणारे निरनिराळे. नव्या राजवाड्यातील एखादी नक्षी जर जुन्या वाड्यांत किंवा त्याहून जुन्या देवळांतही तशीच आढळली, तर ती मँटने शिकवली असे म्हणता येणार नाही. ती इथल्या पाथरवटांकडून राजवाड्यात आली असणार. फार तर मँटने तिला जागा दिली. आणि कोणत्या गोष्टीला जागा द्यायची हे ठरवणे, हेही त्याचेच काम होते. टाउन हॉलच्या विलायती धाटणीकडून नव्या राजवाड्याच्या मिश्र धाटणीकडे तो पाच-सात वर्षांत सरकला, यात इथल्या कारागिरांचा वाटा किती असेल याचा विद्यार्थ्यांनी जरूर विचार करावा. प्रभाव नेहमी वरून खालीच वाहतो असे नाही.

रेल्वेचे उदाहरणही घेऊ. कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या कामाला १८८८ मध्ये आरंभ झाला आणि १८९१ मध्ये गाडी धावू लागली. तोवर मँटला जाऊन दहा वर्षे झाली होती. तेव्हा या मार्गावरच्या एखाद्या जुन्या दगडी इमारतीत मँटसारखे काही दिसले, तर ‘ही मँटची’ हे उत्तर तारखेनेच बाद होते. उरतात तीन शक्यता: कोणीतरी नक्कल केली, तेच गवंडी तिकडे गेले, किंवा दोघांनीही काळाची रीत पाळली. यातली कोणती खरी, हे दगडाकडे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी हजेरीपट, हिशेबाचे कागद आणि मूळ नकाशे शोधावे लागतात. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातील दफ्तरे आहेत. दगडाने प्रश्न विचारायचा आणि कागदाने उत्तर द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

संभाव्यतेचा सापळा

गणिताच्या शिक्षकांसाठी यात एक चांगले उदाहरण दडले आहे. समजा, त्या काळातील दर पाच मोठ्या इमारतींपैकी एकीवर छत्री आहे, आणि दर पाचांपैकी एकीला कोरीव सज्जा आहे. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.) मग छत्री आणि सज्जा दोन्ही असलेली इमारत पंचवीसात एक, आणि त्यात घुमटाची भर घातली तर सव्वाशेत एक, असा हिशेब विद्यार्थी करतील आणि ‘इतकी दुर्मीळ जुळणी म्हणजे नक्की मँटच!’ असे म्हणतील.

चूक कोठे आहे? अपूर्णांकांचा गुणाकार करायचा तर घटना एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. छत्री, सज्जा आणि घुमट या स्वतंत्र गोष्टी नाहीत. ज्याने भारतीय-इस्लामी मिश्र धाटणी निवडली त्याच्या पदरात या तिन्ही गोष्टी एका गाठोड्यातच पडतात. म्हणून ती तीन साम्ये नव्हेत, एकच साम्य. उंच मनोऱ्याचेही असेच. नव्या राजवाड्याला मनोरा आहे, मेयो कॉलेजला आहे, लक्ष्मीविलासला आहे. पण मुंबईचा राजाबाई टॉवरही १८७८ चाच, आणि तो मँटचा नव्हे.

मँटची भीती आणि दगडाचे गणित

मँटविषयी एक गोष्ट वास्तुकलेच्या पुस्तकांतून वारंवार सांगितली जाते. आपल्या हिशेबात चुका झाल्या आहेत आणि आपण आखलेले राजवाडे कोसळणार, या भीतीने शेवटी त्याच्या मनाचा तोल गेला, अशी ती कथा. ती कितपत खरी हा भाग सोडून देऊ. राजवाडे मात्र उभे आहेत. पण अशी भीती बाळगायला कारण होते का, हे पदार्थविज्ञानाला विचारता येईल.

नव्या राजवाड्याच्या मनोऱ्याची उंची साधारण ४५ मीटर सांगतात. बसाल्टचा ४५ मीटर उंच आणि एक चौरस सेंटिमीटर जाडीचा खांब मनात आणा. त्याचे घनफळ ४५०० घन सेंटिमीटर. घनता २.८ धरली तर वजन सुमारे १२.६ किलोग्रॅम. म्हणजे तळाच्या दगडावर दर चौरस सेंटिमीटरला १२.६ किलो भार. चांगला बसाल्ट चिरडायला दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोहून अधिक भार लागतो. प्रत्यक्ष भिंत चुन्यात बांधलेली असते, आत भराव असतो, दारे-खिडक्यांच्या जागा मोकळ्या असतात आणि वाऱ्याचा रेटाही असतो. त्यामुळे भिंतीची ताकद एकसंध दगडाहून पुष्कळच कमी धरावी लागते. तरीही हाताशी भरपूर वाव उरतो.

म्हणजे दगडी इमारत सहसा चिरडून पडत नाही. ती पडते ती तोल गेल्यामुळे, पाया खचल्यामुळे, कमानीचे पाय फाकल्यामुळे. आणि तोल हा भूमितीचा विषय आहे. त्यात मोजपट्टीला महत्त्व नाही, प्रमाणाला आहे.

इथे लहान प्रतिकृतींचा प्रश्न येतो. छंद म्हणून रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्या लोकांत १:८७ हे प्रमाण विशेष चालते. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. ते पाहिलेल्या मुलांना ‘लहान केलेले गाव’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. अशा प्रतिकृतीत लांबी ८७ पटींनी कमी होते, क्षेत्रफळ ७५६९ पटींनी आणि घनफळ सुमारे ६ लाख ५८ हजार पटींनी. साहित्य तेच ठेवले तर वजन घनफळाच्या प्रमाणात घटते आणि ते पेलणारे क्षेत्र त्याहून कमी घटते, म्हणून तळावरचा दाब ८७ पटींनी कमी होतो. लाकडी किंवा लोखंडी तुळईची लहान प्रतिकृती टिकली म्हणून मोठी तुळई टिकेल असे नाही, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवून दिले. पण सुट्या दगडांच्या कमानीचे तसे नाही. लहान कमान तोलून उभी राहिली, तर त्याच प्रमाणातली मोठी कमानही तोलाच्या दृष्टीने उभी राहील. अट एवढीच की पाया पक्का हवा आणि दगड चिरडण्याची वेळ येऊ नये. भूकंपाचा हिशेब मात्र वेगळा.

वर्गात करून पाहा

सुताराकडून लाकडाचे पंधरा ठोकळे कापून घ्या. प्रत्येकाची आतली कड १.९ सेंटिमीटर, बाहेरची २.३ सेंटिमीटर, जाडी २ सेंटिमीटर आणि खोली ४ सेंटिमीटर. जाड पुठ्ठ्याचे ९ सेंटिमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ आधाराला धरून त्यावर ठोकळे मांडा. गोंद लावायचा नाही. दोन्ही टोके सरकू नयेत म्हणून बाजूला जड पुस्तके ठेवा. मधला आठवा ठोकळा शेवटी बसवा आणि आधार हलकेच खाली काढून घ्या. ठोकळे नीट कापलेले असतील तर कमान उभी राहते.

आता जाडी १ सेंटिमीटर ठेवून, म्हणजे आतली कड २ आणि बाहेरची २.२ सेंटिमीटर घेऊन, दुसरी कमान करा. ती उभी राहणार नाही. अर्धवर्तुळाकार कमानीची जाडी तिच्या मध्य त्रिज्येच्या सुमारे १०.७ टक्क्यांहून कमी असेल, तर ती स्वतःचे वजनही तोलू शकत नाही. आपली मध्य त्रिज्या १० सेंटिमीटर. १ सेंटिमीटर म्हणजे १० टक्केच. लाकडाऐवजी बसाल्ट वापरला तरी निकाल बदलत नाही. दोन्ही कमानी ढासळताना त्यांचे सांधे कोठे उघडतात ते विद्यार्थ्यांना टिपायला सांगा.

एक साखळीही टांगून पाहा. टांगलेल्या साखळीचा आकार उलटा केला की उत्तम कमानीचा आकार मिळतो, हे रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये सांगितले. ही साखळीची रेषा कमानीच्या जाडीत मावली तर कमान सुरक्षित. मँटच्या पदरी असलेल्या मिस्त्र्यांना हूक माहीत असण्याचे कारण नव्हते. पण पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या कमानींची प्रमाणे त्यांना मुखोद्गत होती, आणि ती प्रमाणे म्हणजेच हे गणित.

हे सारे कशासाठी?

अमेरिकेत जॉन ॲलन नावाचा लघुरेल्वेचा कसबी प्रतिकृतीकार होऊन गेला. जुनाट, वापरलेल्या, ऊनपावसाने झिजलेल्या दिसणाऱ्या छोट्या इमारती करण्यात त्याचा हातखंडा होता आणि पुढच्या प्रतिकृतीकारांवर त्याची मोठी छाप पडली. तो जानेवारी १९७३ मध्ये वारला आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत लागलेल्या आगीत त्याचे रेल्वेगाव बहुतांशी भस्मसात झाले. आज त्याचा प्रभाव शोधणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे त्याने काढून ठेवलेली छायाचित्रे आणि त्यावरून इतरांनी केलेल्या प्रतिकृती.

ही दूरची गोष्ट झाली. कोल्हापूरकरांना जवळची आठवण पुरेशी आहे. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये, पूर्ण झालेले पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. अशी वास्तू पुन्हा पहिल्यासारखी उभारायची म्हटली की प्रश्न येतात ते मोजमापांचे. खांबाची जाडी किती होती? कमानीची त्रिज्या किती होती? तुळई भिंतीत कुठवर गेली होती? वास्तू उभी असताना हे प्रश्न कोणाला सुचत नाहीत, आणि ती गेल्यावर उत्तर द्यायला कोणी नसते.

हे काम शाळा करू शकतात. आठवी-नववीच्या मुलांचे चार-पाच गट करा. प्रत्येक गटाने परवानगी घेऊन एक जुनी इमारत निवडावी: टाउन हॉलमधले वस्तुसंग्रहालय, नवा राजवाडा, भवानी मंडपाचा परिसर, नाहीतर आपल्याच गल्लीतला वाडा. चढाचढी न करता, हात पोचेल तेवढेच मोजावे. उंची सावलीच्या लांबीवरून किंवा कोनमापकाने काढावी. कमानीची त्रिज्या तिच्या रुंदी आणि उंचीवरून काढता येते. दहावीची भूमिती त्याला पुरते. प्रत्येक साम्यापुढे ते कोणत्या चाळणीत अडकते ते लिहावे. शेवटी पुठ्ठ्याची प्रतिकृती करावी आणि तिच्यावर प्रमाण, दिनांक व मोजणाऱ्यांची नावे स्पष्ट लिहावीत.

ही शेवटची सूचना किरकोळ समजू नये. नव्या राजवाड्याच्या बाबतीत मँटचे नाव राहिले, कारण ते कागदावर होते. ज्यांनी त्याचा एकेक दगड घडवला त्यांची नावे कोणी लिहून ठेवली असतील, तर ती जुन्या दफ्तरांतून शोधून काढावी लागतील. त्यांचा हात मात्र प्रत्येक थरात आहे, आणि तो ओळखण्याची रीत मुलांना शिकवणे आपल्या हाती आहे.